झुंबर खरातांची खासगी प्रार्थना

झुंबर खरातांचा आवाज मुळात गोड होता, असं त्यांची आई सांगत असे. पुढे ते रेल्वेत लागले, इगतपुरी यार्डात शंटिंग जमादार झाले, आणि त्या आवाजाचं जे व्हायचं ते झालं. इगतपुरीचा पाऊस शेडच्या पत्र्यावर कोसळायला लागला की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ‘चहा घेणार का’ एवढं विचारायचं तरी खाली कसाऱ्याला ऐकू जाईल असं विचारावं लागतं. त्यात इंजिनांची धडधड. उमेदीची सगळी वर्षं डबे जोडण्यात आणि तोडण्यात घालवलेला हा माणूस कुणाच्या कानाशी लागून कुजबुजला, तरी समोरच्या गल्लीतली कुत्री उठून बसत.

स्वतः झुंबररावांना मात्र आपला आवाज बेताचा वाटे.

शहाण्णव साली ते निवृत्त होऊन नाशिकला आले. त्या वर्षांत नाशकात जो उठेल तो रो-हाउसं बांधत होता आणि जो निवृत्त होईल तो ती विकत घेत होता. सहा घरांची एक रांग, पुढे हातभर अंगण, अंगणात तुळस नाहीतर स्कूटर. दोन घरांच्या मध्ये एकच भिंत. बिल्डरच्या माहितीपत्रकात ‘मजबूत बांधकाम’ असे शब्द होते. तिसऱ्या घरात कॅलेंडरसाठी खिळा ठोकला आणि त्याचं टोक चौथ्या घरात निघालं, तेव्हा भिंत चार इंची असल्याचं सर्वांना कळलं. चौथं घर खरातांचं. लताबाईंनी, म्हणजे खरातांच्या पत्नीने, त्या टोकाला चहाची गाळणी अडकवली आणि विषय संपवला.

तिसऱ्या घरात गोजराबाई राहत. मखमलाबादकडचा त्यांचा मळा, शेवंती आणि झेंडूचा. मुलगा ललित याला शहरात राहायचं होतं म्हणून त्या इथे आल्या, पण पहाटे फुलांची पाटी घेऊन पंचवटीच्या बाजारात जाणं त्यांनी सोडलं नव्हतं. पाचव्या घरात प्रतिभाताई. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, घराणं बौद्ध, बोलणं मोजकं. त्यांचे यजमान राज सातपूरला कारखान्यात, मुलगी दिशा दहावीत, आणि सासूबाई सुलाबाई खुर्चीत.

खरात आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकांनी झुंबररावांचं नाव योनाथान ठेवलं होतं, पण ते रेल्वेच्या पासापलीकडे गेलं नाही. चर्चच्या मंडळीत ते कारभार बघणारे पंच होते. आणि त्यांना अभिमान होता. घाटातली एकही गाडी आपल्या हातून चुकीच्या रुळावर गेली नाही याचा अभिमान, आणि इतक्या वर्षांत एकही संध्याकाळ घरची प्रार्थना चुकली नाही याचा.

दिवेलागणीनंतर, पहिला कुकर झाला की नवरा-बायको चटईवर बसत. एक गीत, थोडं वाचन, मग प्रार्थना. ती झुंबरराव करत, आणि यार्डात करत तशीच करत. जमादार जसा गाडीच्या एका टोकापासून निघून प्रत्येक डब्यापाशी थांबतो, कपलिंग हलवून बघतो, मगच पुढे सरकतो, तसे ते पहिल्या घरापासून सहाव्या घरापर्यंत जात. कुणालाही वगळत नसत. “प्रभू, गोजराबाईंच्या गुडघ्यांकडे बघ. डावा जास्त धरला आहे. ललितची तंबाखू सोडव, खिशातली पुडी तुला दिसते आहेच. दिशाचं गणित. सुलाबाईंची झोप. प्रतिभाताईंना शाळेत त्रास देणाऱ्याला सद्बुद्धी दे. त्याचं नाव तुला माहीत आहे, मीही सांगतो.” आणि ते सांगत. शेवटी एक वाक्य ठरलेलं असे, “या सगळ्यांना तुझी ओळख होऊ दे.” मग आमेन, मग जेवण.

त्यांच्या मते हे सगळं खासगी होतं.

दोन हजार सहा सालच्या पावसाळ्यानंतर चर्चला नवे पाळक आले. रेव्हरंड सुयश. वय तिशीच्या आतबाहेर, मोटारसायकल, सदऱ्याला कडक इस्त्री आणि मनात योजना. त्यांनी पंचांची सभा घेतली आणि सांगितलं की नाताळाच्या आधीच्या रविवारी प्रत्येक पंचाने उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची. आपल्या एका तरी बिगरख्रिस्ती शेजाऱ्याला आपण प्रभूविषयी काय सांगितलं, ते सांगायचं. नाव घेऊन.

‘नाव घेऊन’ हे दोन शब्द झुंबरराव घरी येईपर्यंत घोळवत राहिले.

बाकीच्या पंचांची तयारी होती. एकाने दूधवाल्याला सांगितलं होतं. दूध पातळ यायचं थांबलं नव्हतं, पण त्याने ऐकून घेतलं होतं. दुसऱ्याने थेट विमा एजंटाला गाठलं होतं, आणि एजंट परत आला नव्हता, हेही एक फळच. वयाने सगळ्यांत मोठे झुंबरराव, आणि त्यांच्याकडे नाव नव्हतं. दहा वर्षं एका रांगेत राहून त्यांनी कुणापाशीही प्रभूचं नाव काढलेलं नव्हतं. आवाज मोठा असणं आणि माणूस धीट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दारात पत्रकं सरकवणं त्यांना कधी जमलं नाही. आपल्या दारात सरकवलेली त्यांना आवडत नसत, एवढं साधं कारण.

“मंडळीपुढे उभं राहून ‘कुणालाच नाही’ म्हणू?” ते लताबाईंना म्हणाले.

“मग जा आणि सांगा. गोजराबाई काय तुम्हाला खाणार आहेत?”

दुपारी गोजराबाई बाजारातून आलेल्या, उरलेल्या शेवंतीचा हार करत अंगणात बसलेल्या. झुंबरराव कुंपणापाशी उभे राहिले.

“गोजराबाई, जरा बोलायचं होतं.”

“बोला की भाऊ. पायरीवर बसू नका, गार हाय.”

“माणूस... म्हणजे बघा, या जगात माणूस येतो...”

“पोट साफ नाय का?”

“पोट ठीक आहे.”

“मंग तोंड असं का? लताबाय काय बोलली?”

“नाही हो. मी प्रभूविषयी सांगावं म्हणतो.”

“हा, ते व्हय,” गोजराबाई म्हणाल्या, उद्या नळाला पाणी आहे असं कुणी सांगावं तशा. “ते हाय ना. जरा हे टोक धरा.”

झुंबररावांनी टोक धरलं. हार पुरा होईपर्यंत धरून ठेवलं, आणि मेथीची जुडी घेऊन परत आले.

प्रतिभाताईंकडे ते दुसऱ्या दिवशी गेले. ताई पेपर तपासत होत्या. त्यांनी लाल पेन खाली ठेवलं.

“काका, थेट बोला.”

“तुमचा देवावर विश्वास...”

“नाही.”

“बरं.”

“अजून काही?”

“नाही. तेवढंच.”

“चहा?”

“चालेल.”

घरी आल्यावर लताबाईंनी हिशेब मांडला. “काल मेथी आणली, आज चहा प्यालात. प्रभूची सुवार्ता कुठे राहिली?”

“मेथी निवड,” झुंबरराव म्हणाले.

रविवार जवळ येत चालला. एका संध्याकाळी नेहमीचं भारनियमन सुरू झालं. रांगेतले सगळे टीव्ही, पंखे, मिक्सर एकदम गप्प झाले. लताबाईंनी मेणबत्ती लावली. गीत झालं, वाचन झालं, आणि त्या दिवशी जमादार पहिल्या डब्यापाशी गेलेच नाहीत. स्वतःपाशीच अडले.

“प्रभू, तू मला या रांगेत आणून ठेवलंस. दहा वर्षं झाली. मी गोजराबाईंची मेथी खाल्ली, प्रतिभाताईंचा चहा प्यालो, आणि तुझ्याविषयी कुणाशी चकार शब्द बोललो नाही. मी भित्रा आहे. रविवारी सगळ्यांपुढे उभा राहीन तेव्हा कुणाचं नाव घेऊ?”

“माझं घ्या,” भिंत म्हणाली.

झुंबररावांनी डोळे उघडले. पवित्र शास्त्रात देवाच्या हाका आलेल्या माणसांच्या गोष्टी त्यांनी पुष्कळ वाचल्या होत्या, पण त्या हाकांना सर्दी झालेली नसे.

“माझं घ्या म्हनते,” भिंत परत म्हणाली आणि शिंकली. “आन आज गुडघ्यांचं राहिलंच, भाऊ.”

मग पलीकडच्या, पाचव्या घराच्या भिंतीतून कुणीतरी दाबून हसलं. ते राज होते. त्यांना कुणीतरी ‘शू’ केलं. त्या प्रतिभाताई.

झुंबररावांना त्या घरातली बुद्धवंदना दहा वर्षं रोज सकाळी ऐकू येत होती. चालसुद्धा पाठ होती. गोजराबाईंच्या घरातली खंडोबाची आरती, ललितचं कुलूप उघडणं, सुलाबाईंचं खोकणं, सगळं इकडे ऐकू येत होतं. पण जी भिंत तिकडचं इकडे आणते तीच इकडचं तिकडे नेत असेल, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. रुळांच्या बाबतीत अशी चूक त्यांनी आयुष्यात केली नव्हती.

ते मेणबत्ती घेऊन अंगणात आले. गोजराबाई आधीच बाहेर येऊन बसलेल्या. पाचव्या घराच्या दारात टॉर्च.

“रोज ऐकू जातं?” झुंबररावांनी विचारलं.

“रोज कशाला,” गोजराबाई म्हणाल्या, “ललित क्रिकेट लावतो तवा नाय जात.”

“आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?”

“काय बोलायचं? कुनी आपल्यासाठी देवाला सांगत असलं तर मधी बोलू नये. आन आमचा फायदाच झाला. रोज सांजच्याला आपली पुडी देवापुढं जाती म्हनल्यावर ह्या पोराला लाज वाटली. आता नाय खात.”

“कमी खातो,” आतून ललित म्हणाला.

सगळे हसले. झुंबररावही हसले, आणि हसता हसता त्यांना काहीतरी आठवलं. हातातली मेणबत्ती तिरकी झाली, मेण चपलेवर सांडलं. ते पाचव्या घराकडे वळले.

“ताई. दोन वर्षांपूर्वी. ते सटाण्याचं.”

प्रतिभाताईंनी टॉर्च खाली केला.

त्या वेळी प्रतिभाताईंनी सटाण्याकडच्या एका शाळेत नोकरीचा अर्ज टाकला होता. घरात सासूशी पटेना, म्हणून थोडे दिवस लांब राहावं असा विचार. ही गोष्ट त्यांनी फक्त लताबाईंना सांगितली होती. लताबाईंनी फक्त झुंबररावांना, आणि झुंबररावांनी फक्त देवाला. “प्रभू, प्रतिभाताईंचं मन शांत कर, त्यांना सटाण्याला जायची वेळ आणू नकोस. त्यांनी घरी अजून सांगितलेलं नाही, तेव्हा हे तुझ्या-माझ्यातच राहू दे.”

“सासूबाईंनी ऐकलं,” प्रतिभाताई म्हणाल्या. “जेवायला बसल्या होत्या. घास हातात तसाच राहिला. मग दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.”

“मला सांगायचंत.”

“काय सांगू, काका? तुम्ही माझं भलं मागत होता. त्याची तक्रार कुठल्या तोंडाने करणार?”

झुंबरराव अंगणातून पाचव्या घराच्या पायरीपर्यंत गेले. खुर्चीत सुलाबाई होत्या, त्यांच्यापुढे उभे राहिले, मग प्रतिभाताईंपुढे. दोन्ही हात जोडले. “चुकलं माझं. दुसऱ्याची गोष्ट होती. देवाजवळसुद्धा तुम्हाला विचारून न्यायला हवी होती,” ते म्हणाले, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज खरोखरच बेताचा निघाला. सुलाबाईंना तो ऐकू आला नाही, त्यांना तो परत सांगावा लागला.

दुसऱ्या दिवसापासून चौथ्या घरातली प्रार्थना मनातल्या मनात होऊ लागली. झुंबरराव डोळे मिटून बसत, ओठ हलत, आणि थोड्या वेळाने लताबाई अंदाजाने आमेन म्हणत. अंदाज चुकला की झुंबरराव एक डोळा उघडून बघत.

आता रविवारचा प्रश्न तर होताच, वर त्याला नवं टोक फुटलं होतं. गोजराबाईंनी ‘माझं घ्या’ म्हटलं होतं, पण ते कसं घ्यायचं? चोरून ऐकू गेलेली सुवार्ता सांगितली म्हणायची का? शिवाय त्याच भिंतीतून एका शिक्षिकेचं घर जवळजवळ मोडलं होतं. ही साक्ष झाली की कबुलीजबाब?

रांगेचीही गैरसोय व्हायला लागली. “माझं दूध उतू जातंय,” गोजराबाईंनी लताबाईंना ऐकवलं. “भाऊ पयल्या घरापासून निघाले की मी दूध ठेवायची आन आमेनला गॅस बंद. आता समजतच नाय कवा उतरवायचं.” पाचव्या घरात सुलाबाई साडेसातला आपली खुर्ची भिंतीपाशी ओढून बसत आणि थोड्या वेळाने विचारत, “आज सुट्टी आहे का त्यांना?”

शेवटी प्रतिभाताईच आल्या. झुंबरराव अंगणात सायकलला तेल देत होते. ताई कुंपणापाशी थांबल्या.

“काका, एक विचारू? तुम्ही शेवटी रोज म्हणायचात, ‘यांना तुझी ओळख होऊ दे.’ म्हणजे आम्ही ख्रिस्ती व्हावं, असंच ना?”

खोटं बोलायची पुरेपूर सोय होती. ओळख या शब्दाचे हवे तेवढे अर्थ निघतात, आणि समोरची बाई नेमकी मराठीही शिकवणारी होती. तिने एखादा काढूनही दिला असता.

“हो,” झुंबरराव म्हणाले. “वाटतं मला. मला जे मिळालं ते फार चांगलं आहे, ताई. ते तुम्हाला मिळू नये असं मला वाटलं, तर मी शेजारी कसला?”

“आणि नाही झालो तर?”

“तर उद्या परत दिशाच्या गणिताचं मागेन. माझं काम झेंडी दाखवायचं. झेंडी दाखवणाऱ्याने गाडी ढकलायची नसते.”

“इगतपुरीला तर ढकलतात ना? घाटात मागून इंजिन लावतात, मी पाचवीला शिकवते.”

झुंबररावांनी तेलाची बाटली खाली ठेवली. रेल्वेचा विषय निघाला की त्यांचा पाठीचा कणा सरळ होई. “लावतात. पण खालून, कसाऱ्याहून, गाडीनेच मागितलं तर. न मागता मागून इंजिन पाठवणारा जमादार इगतपुरीत एकही झाला नाही. मी तरी नाही.”

“मी देव मानत नाही, काका. आणि मानणारही नाही, हे तुम्हाला आत्ताच सांगते म्हणजे तुमची फसगत नको. पण दिवसभर माझं नाव ज्याच्या त्याच्या तोंडी असतं. मुख्याध्यापक घेतात ते कामासाठी. पोरं घेतात ती तक्रारीसाठी. घरातले घेतात ते काहीतरी सापडत नाही म्हणून. साडेसातला एक माणूस माझं नाव नुसतं माझं बरं व्हावं म्हणून घेतो. दोन आठवडे ते ऐकलं नाही तर घर ओकंओकं वाटतंय.”

झुंबररावांनी सायकलची घंटी उगीच पुसली.

“परत सुरू करा,” ताई म्हणाल्या. “पण अट आहे. खासगी ते खासगी. काय मागायचं ते मी सांगेन.”

“आणि ते ओळखीचं वाक्य?”

“ते राहू द्या. ते तुमचं आणि त्याचं बोलणं. मी ऐकते, उत्तर देत नाही. आमच्या वंदनेतही आम्ही सगळ्यांचं मंगल होवो म्हणतो. त्या सगळ्यांत तुम्ही आलातच.”

“माहीत आहे,” झुंबरराव म्हणाले. “रोज सकाळी सव्वासहाला येतो मी त्यात.”

त्या संध्याकाळी, आधी घरोघर विचारून घेतलेल्या परवानगीसह, प्रार्थना पुन्हा सुरू झाली. गोजराबाईंनी गुडघ्यांच्या जोडीला शेवंतीचा भाव घालायला सांगितलं होतं. सुलाबाईंनी सुनेसाठी काहीतरी मागायला सांगितलं होतं, पण ते खासगी होतं, त्यामुळे झुंबररावांनी ते मनात मागितलं. मात्र रविवारची आपली भीती त्यांची स्वतःची होती. तिला कुणाची परवानगी लागत नव्हती. ती त्यांनी मोकळेपणाने, इगतपुरीच्या मापाने देवापुढे मांडली.

रविवारी चर्च भरलं होतं. उपासना सुरू होण्याआधी फुलांची भली मोठी पाटी डोक्यावर घेऊन गोजराबाई दारात उभ्या राहिल्या. नऊवारी, कपाळावर कुंकू, हातात काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. ते बघून आतल्या बऱ्याच जणांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. पिवळीधमक शेवंती त्यांनी पुढे नेऊन ठेवली आणि बायकांच्या बाजूला पहिल्याच बाकावर बसल्या. मागून प्रतिभाताई आल्या, सुलाबाईंना हाताला धरून, आणि दाराजवळच्या बाकावर टेकल्या. झुंबररावांनी यांतल्या कुणालाही बोलावलं नव्हतं. भिंतीने बोलावलं होतं.

पंच एकेक करून उभे राहिले. दूधवाला झाला, विमा एजंट झाला. मग रेव्हरंड सुयश म्हणाले, “आता आपले ज्येष्ठ पंच, खरातकाका.”

झुंबरराव उभे राहिले. माइकवाल्याने सवयीने बटण खाली ओढलं.

“मी कुणालाही काही सांगितलेलं नाही,” ते म्हणाले, आणि शेवटच्या बाकावरचं पेंगलेलं मूल जागं झालं. “मी माझ्या घरात प्रार्थना करत होतो. ती शेजाऱ्यांनी ऐकली. यात माझं कर्तृत्व काही नाही, ते बिल्डरचं आहे. उलट माझ्या हातून एका घराला त्रास झाला, त्याची मी माफी मागितली आहे. तेव्हा माझ्याकडे नाव नाही.”

ते बसायला लागले.

“नाव हाय,” पहिल्या बाकावरून आवाज आला.

गोजराबाई बाकाला धरून उठत होत्या. डावा गुडघा जास्त धरला होता. रेव्हरंड सुयशांनी योजनेत या गोष्टीची तरतूद केलेली नव्हती. ते एक पाऊल पुढे आले आणि तसेच थांबले.

“माझं नाव गोजराबाई. तिसरं घर. मी बाप्तिस्मा घ्यायला नाय आले, आधीच सांगून ठेवते. माझा खंडोबा हाय, त्याला मी सोडायची नाय.” त्यांनी पदर नीट केला. “आमच्या दारात लय जण येत्यात. मत मागायला येत्यात, वर्गणी मागायला येत्यात, कुनी कुनी देव घेऊन येत्यात. समदे आमच्याकडंच मागत्यात. ह्या मानसानं दहा वर्सं माझ्यासाठी मागितलं. आन मागितलं ते त्याच्या देवाकडं, माझ्याकडं नाय. मी तुमची व्हावी असं बी मागितलं, मला ठाव हाय, मी ऐकलंय. पन तेबी देवालाच सांगितलं. मला म्हनला, हाराचं टोक धरू का.”

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

“मला वाचता येत नाय. पन तुमचा येशू कसा हाय, ते मी सांगते. तो गुडघ्यांचं ऐकून घेतो, तंबाखूचं ऐकून घेतो, पोरीच्या गनिताचं ऐकून घेतो, आन कंटाळत नाय. आपल्या मानसांचंबी ऐकतो आन दुसऱ्यांचंबी. हे मला कुनी शिकवलं? मंग नाव माझं लागतं का नाय?”

“गुडघे बरे झाले का?” रेव्हरंड सुयश विचारून बसले. विचारायचं नव्हतं, निघून गेलं.

“कुठलं बरं,” गोजराबाई म्हणाल्या. “पन रोज कोन इचारतं, सांगा.”

दाराजवळच्या बाकावर प्रतिभाताई, ज्या कुठल्याही देवाला मानत नव्हत्या, ताठ बसून झुंबररावांकडे बघत होत्या, शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलाकडे बघावं तशा. लताबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, घातला, परत काढला.

रेव्हरंड सुयशांच्या हातात उपदेशाचे कागद होते. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवले. तरुण होते, पण माणूस समजदार. गोजराबाईंकडे वळून म्हणाले, “आजी, आजच्या प्रार्थनेत मी तुमचं नाव घेतलं तर चालेल?”

“घ्या की. पन मोठ्यांदा घ्या. हळू घेतलेलं आमच्यात कुनाला ऐकू येत नाय.”

त्या संध्याकाळी चौथ्या घरात चटई पडली. झुंबरराव बसले आणि बसूनही छाती खाली जाईना. गाड्या सुखरूप वर आणल्याचा अभिमान त्यांनी जन्मभर केला होता, पण हा त्याच्यापुढे काहीच नव्हता. एका माळणीने भर मंडळीत आपल्या प्रभूची साक्ष दिली, खंडोबा न सोडता दिली, आणि ती ऐकायला एक नास्तिक बाई सासूला हाताला धरून आली. हे सगळं आपल्या भिंतीमुळे झालं. ही भावना पापाच्या यादीत मोडते हे त्यांना ठाऊक होतं.

“प्रभू,” ते म्हणाले, “आज मला फार अभिमान वाटला. क्षमा कर.”

झुंबररावांनी परत म्हटलं, जरा चढ्या आवाजात, “फारच वाटला, प्रभू. क्षमा कर.”

“एकदा मागितली की पुरते,” लताबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. “माफी आहे ही, जाहिरात नाही.”

“त्याला ऐकू जायला नको?”

“सगळ्यांना गेलं ऐकू,” पाचव्या घराच्या भिंतीतून सुलाबाई म्हणाल्या. “आता पुढे चला. गोजराबाईंचं दूध खोळंबलंय.”

झुंबरराव घसा साफ करून पहिल्या घरापासून निघाले.